आधी मृतदेह, मग बातमी

26 जुलै 2005 म्हटलं की मुंबई आठवते. सांताक्रूझला 24 तासांत पडलेला 944 मिलिमीटर पाऊस, फुगलेली मिठी नदी, टपापर्यंत बुडालेल्या गाड्या, रुळांवरून चालत घर गाठणारी माणसं. नागपूर-नांदेडच्या माणसालाही हे पाठ आहे. आता जुई, दासगाव, कोंडिवते ही नावं घेऊन बघा. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यातली ही गावं. त्याच पावसात त्यांच्यावर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. महाड-पोलादपूरच्या बाहेर ही नावं कितीजणांना ठाऊक आहेत?

सोळा वर्षं गेली. 22 जुलै 2021 ला त्याच महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक बळी गेले. मग कॅमेरे पोचले, मंत्र्यांचे दौरे झाले, तळिये नेमकं कुठे हे दाखवणारे नकाशे छापून आले.

मधल्या सोळा वर्षांत मुंबईच्या नालेसफाईची बातमी आपण दर मे महिन्यात वाचली. किती टक्के गाळ काढला, पाहणीला कोण गेलं, कोणी कोणावर आरोप केले, सगळं तारीखवार. ते छापायलाच हवं. पण महाडच्या डोंगरउतारांचा असा वार्षिक हिशेब कोणी मागितला? कोणत्या वाडीच्या वर भेग पडलीय, कोणाचं पुनर्वसन फायलीत अडकलंय, हे राज्यभर जाणाऱ्या पानांवर किती वेळा आलं?

धोका कुठे आहे, केवढा आहे, कोणाला आहे, हे आपण जवळपास सगळेच बातम्यांवरून ठरवतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे घरोघरी जात नाहीत. पेपर जातो, टीव्ही चालू असतो, मोबाइल हातात असतो. त्यांच्यात जे येत नाही ते लोकांच्या हिशेबात धरलं जात नाही. लोकांच्या हिशेबात नसलेल्या गोष्टीसाठी सरकारला जाब द्यावा लागत नाही आणि पैसाही सोडावा लागत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: आपली माध्यमं दुर्घटनेची बातमी देतात, धोक्याची देत नाहीत. या सवयीची किंमत माणसं जिवानिशी चुकवतात.

* * *

19 जुलै 2023 ची रात्र. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची वाडी. गाडीरस्ता नाही, खालच्या गावातून चिखलाची खडी चढण. तीन दिवसांत जवळपास 500 मिलिमीटर पाऊस पडून गेला होता. लोक झोपेत असताना दरड आली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ताच राहिले, चार दिवसांनी शोध थांबवला.

सरकारने विधिमंडळात सांगितलं की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. हे वाक्य सगळीकडे ठळक आलं. पण खरी बातमी त्या वाक्याच्या पुढे सुरू होते. ही यादी कोणी केली? कधी केली? त्यात वाड्या-वस्त्या धरल्या होत्या की फक्त महसुली गावं? आणि जी गावं यादीत होती त्यांच्यासाठी नेमकं काय केलं? हे सगळे प्रश्न 18 जुलैलाही विचारता आले असते. यादी तेव्हाही होती. ती मागायला गड चढावा लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात एक चक्कर पुरते.

दुर्घटनेनंतर भर पावसात वाडी गाठून बातमी देणाऱ्या वार्ताहरांना माझा सलाम आहे. दोष त्यांचा नाही. त्यांना महिनाभर आधी तिकडे न पाठवणाऱ्यांचा आहे.

बरं, दुर्घटना घडून गेल्यावर तरी आपण तिथे थांबतो का? 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं. 151 माणसं दगावली. सकाळी एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. त्या आठवड्यात जेसीबीने केलेली पडकई (शेतीसाठी उतार सपाट करणं), जंगलतोड, डिंभे धरण अशा एकेका कारणावर रकाने भरले. एप्रिल 2017 मध्ये नव्या माळीणचं लोकार्पण झालं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, नव्या गावातले रस्ते खचले. एकदा गाव गमावलेल्या माणसांची तेव्हा काय अवस्था झाली असेल? दरडीतून वाचलेल्या गावाचं पुनर्वसन हा दहा वर्षं पिच्छा पुरवण्याचा विषय आहे. आपण तो दहा दिवस चालवतो.

* * *

ही सवय फक्त मराठी माध्यमांची नाही. अमेरिकेत बार्बरा कोम्ब्स आणि पॉल स्लोविक यांनी दोन वृत्तपत्रं तपासून 1979 मध्ये निष्कर्ष मांडले. आजारांनी मरणारी माणसं खुनात मरणाऱ्यांच्या सुमारे शंभरपट होती. बातम्या मात्र खुनाच्याच जास्त, आजारांच्या जवळपास तिप्पट. कोणत्या कारणाने किती माणसं मरतात असं लोकांना विचारलं, तेव्हा त्यांचे अंदाजही पेपरातल्या जागेच्याच दिशेने झुकलेले निघाले.

2007 मध्ये थॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या अर्थतज्ज्ञांनी 1968 ते 2002 या काळातल्या सुमारे 5,000 आपत्ती आणि अमेरिकी टीव्हीच्या बातम्या शेजारी ठेवून बघितल्या. ज्वालामुखीने एक माणूस मेला तर टीव्हीवर दिसण्याची जेवढी शक्यता, तेवढी मिळायला अन्नटंचाईत जवळपास 40,000 माणसं मरावी लागतात. ऑलिंपिक चालू असताना आपत्ती आली तर तिला बातम्यांत जागा कमी मिळते, आणि जागा कमी मिळाली की अमेरिकी सरकारची मदतही कमी जाते. बातमीची जागा आणि मदतीचा पैसा यांचं नातं इतकं थेट आहे.

आपल्याकडे पाहू. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे निघालं, तेव्हा एका हिंदी वाहिनीची निवेदिका स्टुडिओत छत्री धरून वादळात सापडल्यासारखी डोलत होती. देशाने ते पाहिलं. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 चे आकडे घ्या. नैसर्गिक कारणांनी झालेल्या अपघाती मृत्यूंची नोंद 8,060. त्यांतले 2,887 वीज पडून. तिघांमागे एकाहून जास्त. विजेने जाणाऱ्यांत मोठा वाटा शेतात राबणाऱ्यांचा, गुरं राखणाऱ्यांचा, पाऊस आला म्हणून झाडाखाली धावलेल्यांचा असतो. त्यांच्या वाट्याला जिल्हा पानावर सिंगल कॉलम येतो.

तो सिंगल कॉलम मी वर्षानुवर्षं वाचतोय. गावाचं नाव, मृताचं नाव, वय, 'शेतात काम करत असताना अंगावर वीज कोसळून', 'पश्चात पत्नी, दोन मुलं', 'परिसरात हळहळ'. संपली बातमी. माणूस झाडाखाली उभा होता की उघड्यावर? गडगडाट आधी किती वेळ ऐकू येत होता? त्या दुपारी हवामान खात्याचा इशारा होता का, आणि गावात तो कोणापर्यंत पोचला? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप गावात कोणाच्या फोनवर आहे का? यांतलं एकही वाक्य नसतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर लगेच पक्क्या घरात जायचं, झाडाखाली थांबायचं नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एवढा मजकूर त्याच सिंगल कॉलमच्या खाली चार ओळींत मावतो. मृग नक्षत्रात रोज छापला तर गावागावात पाठ होईल. हळहळ छापायला जागा आहे, मग या चार ओळींना का नाही?

* * *

उन्हाळ्याची बातमी आपल्याकडे शर्यतीसारखी दिली जाते. आज राज्यात सर्वाधिक तापमान कुठे? चंद्रपूर पुढे की अकोला? किती वर्षांचा विक्रम मोडला? सोबत फोटो: विहिरीत सूर मारणारी पोरं, कलिंगडांचा ढीग, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या सॅफ्रन ओनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेचे वृत्तपत्रीय फोटो अभ्यासले. मजकुरात धोक्याची भाषा होती, फोटोंत मात्र पाण्यात खेळणारी आनंदी माणसं. आपली उन्हाळी पानं उघडा, हाच प्रकार दिसेल. पत्र्याच्या खोलीत रात्रभर तळमळणारी म्हातारी त्या पानांवर नसते. उष्णतेने सगळ्यात आधी जाते ती तीच.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंची गर्दी, भर दुपारचं ऊन. 14 श्रीसदस्य, म्हणजे पुरस्कारार्थींचे अनुयायी, गेले. त्या दिवशी आसपासच्या केंद्रावर पारा 38 अंशांच्या घरात होता. विदर्भातल्या 45 अंशांच्या बातम्या वाचून तयार झालेल्या मनाला 38 हा आकडा किरकोळ वाटतो. किनाऱ्यावर तो किरकोळ नाही. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणूनच हवामान खात्याने किनारी भागासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा 37 अंशांवर ठेवला आहे. मैदानी भागासाठी तो 40 आहे. ही साधी गोष्ट वर्षानुवर्षं बातमीत सांगितली गेली असती तर त्या दुपारी मांडवाचा, पाण्याचा, वेळेचा प्रश्न कोणीतरी आधीच विचारला असता. आयोजकांनाही तो टाळता आला नसता.

मृत्यू झाल्यावर मात्र चर्चा कशाची रंगली? सत्ताधाऱ्यांनी काय उत्तर दिलं आणि विरोधकांनी कोणाचा राजीनामा मागितला. दमट हवेत माणूस कसा मरतो हे समजून न घेताच महाराष्ट्र पुढच्या बातमीकडे वळला.

* * *

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक सरकारी रुग्णालयात येऊ लागले. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास लागलेला. विसाहून अधिक जण एका जिल्ह्यात दगावले, शेकडो जणांना विषबाधा झाली. जिल्ह्यातल्या पत्रकारांनी लिहिलं. मुंबई-पुण्याच्या पहिल्या पानांवर विषय चढेपर्यंत ऑक्टोबर उजाडला होता.

आणि चढला तेव्हा पहिला सूर कोणता लागला? मजुरांनी हातमोजे घातले नव्हते, तोंडाला मास्क नव्हता, सुरक्षा किट वापरलं नाही. कृषी खात्याचं आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींचं हे म्हणणं जसंच्या तसं छापलं गेलं. ज्यांनी सप्टेंबरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाहिली आहे त्यांनी सांगावं, त्या शेतात ते किट घालून माणूस किती वेळ उभा राहील? त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. मजूर पाठीवर पंप घेऊन आत शिरायचा, फवारा पानांवर मारायचा आणि तोच फवारा तोंडावर, मानेवर, छातीवर उडायचा. हवेत दमटपणा, अंगाला घाम, सदरा विषाने भिजून अंगाला चिकटलेला. दिवस भरला नाही तर मजुरी नाही. एका डब्यात दोन-तीन औषधं कालवून मारायचा सल्ला कोणी दिला? विक्रेत्यावर देखरेख ठेवायचं काम कोणाचं होतं? तालुक्याच्या रुग्णालयात उतारा होता का? 'किट वापरलं नाही' या एका वाक्याने हे सगळे प्रश्न झाकले आणि मेलेल्यालाच आरोपी केलं.

धोक्याची बातमी देताना दोष कोणाच्या माथी मारला जातो, हे बघत चला. उन्हात गेला म्हणून मेला, झाडाखाली उभा राहिला म्हणून मेला, डोंगराखाली घर बांधलं म्हणून मेला. इर्शाळवाडीच्या माणसांना सपाटीवर जमीन कोणी देऊ केली होती, हा प्रश्न कोणत्या चर्चेत पुन्हा पुन्हा विचारला गेला?

* * *

'निसर्गाचा कोप' ही आणखी एक सोयीची कमान. तिच्याखालून सगळे सुटतात. डोंगर कापायला परवानगी देणारा, नदीच्या पात्रात भराव टाकणारा, पूररेषा बदलणारा, अहवाल दाबणारा. निसर्गावर गुन्हा दाखल होत नाही, त्याचा खुलासा मागता येत नाही. म्हणून कोपाची बातमी कोणालाच अडचणीची नसते.

अहवाल दाबण्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढे यायला मे 2012 उजाडलं, तेही माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. त्यात काय होतं? घाटाच्या संवेदनशीलतेनुसार तीन स्तर, आणि निर्णय ग्रामसभांना विचारून घ्यावेत हा आग्रह. अहवाल लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत न्या, असंही गाडगीळ सांगत राहिले.

लोकांपर्यंत पोचली ती भीती. घर बांधता येणार नाही, शेती बंद होईल, माणसांना हुसकावून लावतील, असं केरळपासून कोकणापर्यंत सांगितलं गेलं. आणि आपण काय केलं? एका बाजूला अहवाल, दुसऱ्या बाजूला 'हा विकासविरोधी आहे' म्हणणारा पुढारी, दोघांना सारखी जागा. पुढाऱ्याने अहवाल वाचला आहे का, त्याच्या म्हणण्याला आधार कोणत्या पानावर आहे, एवढं विचारलं असतं तरी लोकांना खरं काय ते कळलं असतं.

सारखी जागा म्हणजे न्याय, असं समजण्याची फार मोठी किंमत जगाने मोजली आहे. मॅक्सवेल बॉयकॉफ आणि ज्यूल्स बॉयकॉफ या भावांनी 2004 मध्ये चार नामांकित अमेरिकी वृत्तपत्रांतल्या 1988 ते 2002 या काळातल्या 636 लेखांचा अभ्यास मांडला. हवामानबदल माणसाने घडवला आहे यावर वैज्ञानिकांचं एकमत होत चाललं होतं, तरी निम्म्याहून अधिक लेखांत दोन्ही बाजूंना सारखंच वजन दिलेलं होतं. वाचकाला वाटलं, तज्ज्ञांचंच ठरत नाहीये. ते ठरलेलं होतं. वृत्तपत्रांनी ते न ठरलेलं दाखवलं, आणि उपाय करायची वर्षं हातची गेली.

गाडगीळांनंतर कस्तुरीरंगन समितीचा अहवाल 2013 मध्ये आला. 2014 पासून केंद्राने घाटातला संवेदनशील भाग ठरवणाऱ्या मसुदा अधिसूचना काढायला सुरुवात केली. सहावा मसुदा निघाला 31 जुलै 2024 ला, केरळच्या वायनाडमध्ये शेकडो माणसं दरडीखाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दहा वर्षांत सहा मसुदे, ही पहिल्या पानाची बातमी आहे. गाडगीळांचं नाव मात्र प्रत्येक दरडीनंतर दोन दिवस काढलं जातं आणि मग पुढच्या दरडीपर्यंत ठेवून दिलं जातं.

* * *

पैशाबद्दल बोललंच पाहिजे. पावसाळा सुरू झाला की पहिल्या पानाच्याही आधी येणारं जाहिरातीचं पान पाहा. धुक्यातला डोंगर, हिरवा उतार, 'निसर्गाच्या कुशीत सेकंड होम', एनए प्लॉट, हप्त्यांची सोय. आत कुठेतरी त्याच सह्याद्रीतल्या दरडीची बातमी. त्या उतारावर खोदकाम कोणाच्या परवानगीने चाललंय, हे विचारायला गेलं की जाहिरात विभागाचा फोन येतो. या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

आणि तालुक्याचा वार्ताहर? बातमी देणारा तोच आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करणाराही तोच. मानधन तुटपुंजं, उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या क्रशरवाल्याकडून पुरवणीला अर्धं पान आणायचं, त्याच्याच खाणीच्या धुळीवर त्याने लिहावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

तरीही लिहिणारे लिहितात. राजापूरचे शशिकांत वारिशे 'महानगरी टाइम्स'मध्ये तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या विषयावर लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. गावातला पत्रकार पर्यावरणावर लिहितो तेव्हा तो काय पणाला लावतो, हे शहरातल्या संपादकांनी कायम ध्यानात ठेवावं.

आणि लिहूनही ऐकलं जातंच असं नाही. भोपाळचे राजकुमार केसवानी यांनी 1982 मध्येच आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल लागोपाठ इशारे दिले होते. 1981 च्या अखेरीस फॉस्जिन वायूने एका कामगाराचा बळी गेला होता, तिथून त्यांनी माग काढला. जून 1984 मध्ये त्यांनी 'जनसत्ता'तही लिहिलं. कोणी दखल घेतली नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. मग जगभरचे पत्रकार भोपाळला उतरले. आधी लिहिणारा पत्रकार त्या शहरात होता. त्याचा मजकूर उचलून धरणारी मोठी माध्यमं नव्हती.

* * *

हे बदलता येतं. ओडिशाने बदलून दाखवलं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास 10,000 माणसं गेली. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. निवारे बांधले, अंदाज सुधारले, आणि तो अंदाज आकाशवाणी, टीव्ही, भोंगे आणि गावातले स्वयंसेवक यांनी शेवटच्या झोपडीपर्यंत पोचवला. बातमी वेळेवर आणि खरी पोचली की माणसं घर सोडून निघतात.

मग आपल्याकडे काय व्हावं? रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, ठाणे, पालघर, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या आवृत्त्यांनी दर 1 जूनला दरडप्रवण वाड्या-गावांची पूर्ण यादी छापावी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: शेवटची पाहणी कधी झाली, किती कुटुंबं राहतात, पुनर्वसनाची फाइल कोणाच्या टेबलावर आहे. यादीत नसलेल्या वाड्यांबद्दल वाचकांकडून कळवायला सांगावं आणि आलेलं प्रत्येक नाव जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावं. वीज आणि उष्णतेने झालेल्या प्रत्येक मृत्यूच्या बातमीखाली बचावाच्या चार ओळी द्याव्यात. दुर्घटनेला एक वर्ष झालं की श्रद्धांजलीच्या फोटोऐवजी दिलेल्या आश्वासनांचा पंचनामा यावा. वैज्ञानिक अहवालावर पुढाऱ्याची प्रतिक्रिया घेताना अहवालातला मूळ मजकूर शेजारी चौकटीत छापावा. आणि तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचा पगार द्यावा, जाहिरातीचं काम त्याच्याकडून काढून घ्यावं. यांतल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

वाचकांचंही काम आहे. तुमच्या पेपरला फोन करा, पत्र लिहा, विचारा की आमच्या जिल्ह्याची यादी कुठे आहे. वाचकांची दहा पत्रं आली की संपादकांच्या बैठकीत विषय निघतो, हे मी खात्रीने सांगतो.

आणि संपादकांनो, तालुक्याहून फोन येतो, 'साहेब, वाडीच्या वर डोंगराला भेग पडलीय, लोक घाबरलेत.' त्यावर डेस्कवरून आजही उत्तर जातं, 'ठीक आहे, काही झालं की कळव.' हे उत्तर आजपासून बंद करा. त्याच दिवशी माणूस पाठवा, भेगेचा फोटो पहिल्या पानावर घ्या, आणि वाडी खाली येईपर्यंत ती बातमी सोडू नका.